लाखेखालची खाच

खूप जुनी गोष्ट आहे. कोणत्या राजाच्या राज्यातली, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. पण एक नदी होती, नदीकाठी एक गाव होतं, आणि त्या गावात रखमाजी नावाचा एक कातारी राहत होता, एवढं नक्की.

कातारी म्हणजे लाकडावर रंगीत लाख चढवणारा कारागीर. पाळण्याचे दांडे असोत, पोरांचा भोवरा असो, नाहीतर सुनेच्या माहेराहून आलेलं लाटणं असो, रखमाजीने त्यावर लाखेची कांडी फिरवली आणि केवड्याच्या पानाने झिलई दिली की वस्तू चकाकू लागायची. जुन्या, ओरखडलेल्या वस्तू नव्यासारख्या करण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

रखमाजी माणूस वाईट नव्हता. कष्टाळू होता, कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा. फक्त कौतुकाची त्याला फार आवड होती. दुरुस्त केलेली वस्तू परत देताना तो ती चार लोकांसमोर धरायचा आणि म्हणायचा, "दाखवा पाहू, चरा कुठे होता?" लोक वस्तू उलटसुलट करून बघायचे. कुणाला काही सापडायचं नाही. मग रखमाजी मिशीतल्या मिशीत हसायचा, आणि तो दिवस त्याला सणासारखा जायचा.

त्याच गावात चिमाई नावाची एक भोईण होती. वयाने म्हातारी, घरात एकटी. गावाखाली नदीला एक डोह होता आणि डोहाच्या तोंडाशी एक सपाट खडक. त्या खडकावर उभी राहून चिमाई गळाने मासे धरायची. तिची बांबूची लांब काठी होती. त्या काठीतून पाण्याखालची हालचाल तिच्या बोटांना कळायची. नुसता पाला अडकला की मासा चाखून गेला, हे ती दोरीकडे न बघता सांगायची.

पोटापुरते मासे ठेवून उरलेले ती वाटून टाकायची. गावात कुणी बाळंतीण झाली की चिमाईचा मासा तिच्या घरी पोचायचा. कुणी तापातून उठला की त्याच्या कालवणाला मासा चिमाईचाच. स्वतः मात्र ती कुणाच्या दारात हात पसरायला कधी गेली नव्हती.

एकदा असं झालं, की चिमाईची काठी खडकावरून घसरली आणि दगडांवर आपटत खाली गेली. काठी शाबूत राहिली, पण अंगभर ओरखडे उठले. एके ठिकाणी बांबूची साल उचकटून बारीक कुसळं वर आली. चिमाई काठी घेऊन रखमाजीकडे आली.

"बाबा, दोरी या कुसळांत अडकते. तेवढी काठी गुळगुळीत करून दे," ती म्हणाली. "चकाकली नाही तरी चालेल. माशाला काय त्याचं?"

"मावशी, माझ्या हातून गेलेली वस्तू चकाकणारच," रखमाजी म्हणाला. "काठी बघून मासाच वर येईल."

दुसऱ्या दिवशी तो काठी मांडीवर घेऊन घरापुढच्या ओट्यावर बसला. धारदार चाकूने तो कुसळं खरवडत होता, खरखरीत पानाने ओरखडे घासत होता. तेवढ्यात परगावचा एक श्रीमंत माणूस पाळणा बघायला आला. त्याच्याबरोबर आणखी दोघं-तिघं होते. त्यांना बघून रखमाजीला चेव आला. हाताने काम करता करता तो बोलू लागला.

"अहो, या ओट्यावर काय काय येऊन गेलंय! मोडकं, तुटकं, घासलेलं. पण माझ्या हातावर बोट ठेवायला कुणाला जागा मिळाली नाही. आता हीच काठी बघा..."

आणि तो त्यांच्याकडे बघत असतानाच चाकू निसटला. मुठीच्या जरा वर, जिथे काठीवर सगळा भार येतो, तिथेच चाकूचं पातं आडवं घुसलं. बांबूचे धागे तुटल्याचा बारीकसा आवाज आला.

तो आवाज दुसऱ्या कुणी ऐकला नाही. रखमाजीने ऐकला.

त्याने काय केलं? त्याने त्या जागेवर पंजा ठेवला, आणि काही झालंच नाही असं दाखवून तो बोलत राहिला. पाहुणे पाळणा ठरवून निघून गेले, तरी पंजा तिथेच होता. मग त्याने हळूच हात उचलला. खाच नखभर खोल होती.

बांबूचा जोर त्याच्या वरच्या सालीत असतो, हे रखमाजीला चांगलं ठाऊक होतं. साल आडवी तुटली की बांबू तिथेच दगा देतो. खरा उपाय काय, तेही त्याला ठाऊक होतं. खाचेवर बांबूची पातळ चीप बसवायची आणि वरून राळेत भिजवलेलं सूत गच्च गुंडाळायचं. पण मग काठीवर सुताची वेटोळी दिसली असती. चिमाईने विचारलं असतं, "इथे काय झालं रे?" आणि त्याला म्हणावं लागलं असतं, "माझा हात चुकला."

तेवढे तीन शब्द त्याच्या तोंडून निघेनात.

'म्हातारी ती केवढे मासे धरणार?' त्याने मनाशी म्हटलं. 'बोटबोटभर. टिकेल काठी.' त्याने मेण आणि लाख वितळवून खाच बुजवली, बांबूच्या रंगाशी रंग मिळवला, वरून झिलई दिली. काम इतकं बेमालूम झालं, की खाच कुठे होती ते त्यालाही बोटाने चाचपून बघावं लागलं. पण त्या दिवशी तो हसला नाही.

चिमाई आली. तिने काठीवरून हात फिरवला आणि तिचा चेहरा फुलला. "अरे, ही माझीच काठी का? लोक उगाच तुझं नाव घेत नाहीत." जाता जाता तिने भेटेल त्याला काठी दाखवली. संध्याकाळी दोन ताजे मासे रखमाजीच्या घरी आणून दिले.

रखमाजीच्या बायकोने, ठकूने, ते चांगले मसाला लावून केले. रखमाजीने घास तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला.

"अहो, काय झालं? तिखट झालंय का?" ठकूने विचारलं.

"नाही. भूक नाही," तो म्हणाला आणि उठला.

त्यानंतर नदीच्या वाटेने जायचं तो टाळू लागला. चिमाई लांबून दिसली तरी दुसऱ्या गल्लीत वळायचा. रोज ठरवायचा, की आज जाऊन सांगतो. रोज संध्याकाळी स्वतःलाच समजवायचा, की आजवर मोडली नाही, म्हणजे मोडायची नाही.

एके दिवशी सकाळी घाटावर कपडे धुणाऱ्या बायका ओरडल्या. चिमाईच्या गळाला मोठा शिंगाळा लागला होता. असला मासा कित्येक वर्षांत डोहाने दिला नव्हता. चिमाई पाय रोवून उभी होती. दोरी ताणली होती, काठी कमानीसारखी वाकली होती. सगळा गाव काठावर गोळा झाला. रखमाजीही आला आणि मागे उभा राहिला. 'सोड, मावशी, काठी सोड,' तो मनातल्या मनात म्हणत होता. मोठ्याने ओरडला असता, तर लोकांनी 'का?' म्हणून विचारलं असतं. तो ओरडला नाही.

काडकन आवाज झाला. काठी मुठीच्या वरच तुटली. चिमाई मागच्या मागे खडकावर कोसळली आणि तिचं मनगट दुखावलं. मासा दोरीसकट डोहात गेला.

लोक धावले. तिला उचलून घरी नेलं. गावच्या पाटलाने वैद्याला बोलावलं, वैद्याने हळदीचा लेप लावला. सगळे हळहळले. आणि हळहळता हळहळता जो तो एकच बोलू लागला.

"हात गेले म्हातारीचे."

"काठी तर नवीकोरी करून दिली होती रखमाजीने. ओढण्याचा अंदाज चुकला, दुसरं काय!"

"वय झालं. आता तिला खडकावर जाऊ देऊ नका. एखादे दिवशी डोहात पडायची."

पाटील भला माणूस होता. त्याने ठरवून टाकलं, की चिमाईला आता गावाने पोसायचं. आळीपाळीने एकेका घरातून तिला भाकरी-कालवण जाईल. कुणी नाही म्हटलं नाही. सगळ्यांना आपण चांगलं काम करतोय असंच वाटलं. मनगट बरं झालं, तरी चिमाई दारातल्या दगडावर बसून राहू लागली. दुसऱ्याची भाकरी मांडीवर घ्यायची, मान खाली घालून तुकडा मोडायची. नदीकडे बघतसुद्धा नसे.

फिरत फिरत पाळी रखमाजीच्या घरची आली. ठकू म्हणाली, "मला दळण आहे. तुम्हीच देऊन या." त्याने सबबी सांगून बघितल्या. ठकूने भाकरी फडक्यात बांधून हातातच दिली.

चिमाई त्याला बघून उठून उभी राहिली. तिने आत जाऊन काठीचे दोन तुकडे आणले. जुन्या लुगड्याच्या पदरात गुंडाळून ठेवले होते.

"बाबा, बरं झालं आलास. तुझ्याकडे यायला मला तोंड नव्हतं," ती म्हणाली. "इतकं मन लावून तू काठी केलीस, आणि मी ती मोडली. माझ्या हातांना आता काही कळेनासं झालंय. तू राग धरू नकोस."

रखमाजीला वाटलं, या क्षणी पायाखालची जमीन दुभंगावी. जिची काठी त्याने बिघडवली, तीच त्याची माफी मागत होती. तुकड्याच्या तोंडाशी तुटक्या धाग्यांमध्ये त्याची लाख चिकटलेली त्याला स्पष्ट दिसत होती. म्हाताऱ्या डोळ्यांना ती दिसली नव्हती.

"असू द्या, मावशी. होतं असं," तो कसाबसा म्हणाला. भाकरी ठेवून तो जवळजवळ पळतच घरी आला. वाटेत त्याच्या लक्षात आलं, की त्याने तिला माफ केल्यासारखं उत्तर दिलं. ते आठवून त्याचे कान तापले. आपण किती खाली गेलो, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तोंडाने सांगायचा धीर नव्हताच. मग त्याने दुसरी वाट काढली. रानात जाऊन त्याने निवडून बांबू आणला. सावलीत वाळवला, शेकोटीच्या धगीवर सरळ केला, कांड्यांचे उंचवटे तासले, मुठीला सूत गुंडाळलं. अशी काठी त्याने जन्मात केली नव्हती. पहाटे जाऊन त्याने ती चिमाईच्या दाराला टेकवून ठेवली आणि गुपचूप परत आला. त्याला थोडं हलकं वाटलं. आता फिटलं, असं वाटलं.

दुपारी चिमाई काठी घेऊन त्याच्याच ओट्याशी आली.

"कुणीतरी ही माझ्या दारात ठेवून गेलं," ती म्हणाली. "ज्याने ठेवली त्याचं भलं होवो. पण मला काय उपयोग? दोष काठीत नव्हता, माझ्या हातांत आहे. ही तू ठेव, आणि हाताला जोर असलेल्या कुणाला तरी दे."

तिने काठी ओट्यावर ठेवली आणि वळली. तिच्या चालण्यात पूर्वीचा ताठा राहिला नव्हता. भिंतीचा आधार घेत ती चालली होती. पाय तर तिचे धडधाकट होते, तरीही.

रखमाजी बघत राहिला. काठीच्या बदल्यात काठी देता येते. पण म्हातारीचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास त्याने घालवला होता, आणि तो परत करायचा एकच मार्ग होता. तो उठला आणि तिच्या मागे धावला.

"मावशी, थांबा. तुमचे हात गेलेले नाहीत."

"कशाला समजूत घालतोस, बाबा?"

"समजूत नाही. काठी मी मोडली." एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "ओरखडे काढताना माझा चाकू निसटला. मुठीच्या वर खाच पडली, खोल. सूत बांधायला हवं होतं. पण ते दिसलं असतं. माझी लाज जाईल म्हणून मी लाख भरून ती झाकली. तुम्ही पडलात त्या दिवशी मी तिथेच होतो. मला ठाऊक होतं काठी मोडणार. तरी मी ओरडलो नाही."

तो मान खाली घालून शिव्यांची वाट बघत राहिला. शिव्या आल्या नाहीत. त्याने वर बघितलं. चिमाई आपले दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडे बघत होती. तळवे बघितले, मग पालथी बाजू बघितली.

"म्हणजे मी बरोबर ओढलं होतं?" तिने विचारलं.

"बरोबर ओढलं होतं, मावशी. अगदी बरोबर."

म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं आणि मग तिचा आवाज चढला.

"इतके दिवस मी या हातांना शिव्या दिल्या रे! काठीचं मला काही नाही. बांबू रानात उगवतो. चाकू कुणाचाही निसटतो. तू येऊन म्हणाला असतास, मावशी, हात चुकला, तर मी म्हटलं असतं, बांध की सूत त्याला. तेवढ्यावर भागलं असतं."

"मला सांगितलंस ते बरं केलंस," चिमाई म्हणाली. "पण मला भाकरी आणून देणाऱ्यांना कोण सांगणार? ते मला थोटी समजून बसलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाट माणसांनी भरलेला असताना रखमाजी पायऱ्यांवर उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. मध्ये कुणीतरी हसलं. पाटलाने मान दुसरीकडे वळवली. ठकू घागर घेऊन पाण्यात उभी होती, तिने पदर तोंडाशी धरला.

मग एक शेतकरी पुढे आला. "माझ्या घरच्या पाळण्याचे दांडे तूच रंगवलेत. त्यातही काही झाकलंयस का? माझा नातू निजतो त्यात."

हा प्रश्न रखमाजीला शिव्यांपेक्षा जास्त लागला. "नाही," तो म्हणाला. "पण माझ्या नुसत्या शब्दावर तुम्ही आता का विश्वास ठेवावा? दांडे घेऊन या. तुमच्यासमोर लाख खरवडून दाखवतो."

आणि लोक खरंच घेऊन आले. पाळण्याचे दांडे, खाटेचे खूर, कावडीच्या काठ्या. ज्या ओट्यावर तो वस्तू उंच धरून चरा शोधायला सांगायचा, त्याच ओट्यावर बसून त्याने स्वतःच्या हाताने चढवलेली झिलई चाकूने खरवडली, आतलं उघडं लाकूड एकेकाला दाखवलं, आणि पुन्हा सगळं रंगवून दिलं. झाकलेलं दुसरं काही निघालं नाही. तरी किती तरी जणांनी पुढे आपलं काम परगावच्या कातार्‍याला दिलं.

घरी ठकूने एकदाच विचारलं. "मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"तुमची लाज राहावी म्हणून त्या माउलीला दारोदारची भाकरी खायला लावलीत," ती म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

चिमाईने नवी काठी नेली. लगेच सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. बसून बसून हात आखडले होते, आणि मनातली भीती त्याहून जड होती. काठी जरा वाकली की ती दचकून दोरी सैल सोडायची आणि मासा निसटायचा. पण ती रोज खडकावर जात राहिली. एके दिवशी तिने एक चांगला मासा ओढून बाहेर काढला, कमरेवर हात ठेवून गावाकडे बघितलं, आणि पाटलाला निरोप धाडला, की उद्यापासून भाकरी पाठवू नका.

रखमाजीशी ती त्यानंतर बरेच दिवस कामापुरतंच बोलायची. त्याने त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. आता कुणी मोडकी वस्तू आणली, की तो आधी ती नीट तपासायचा आणि म्हणायचा, "हा वरचा ओरखडा जाईल. ही चीर मात्र जाणार नाही. इथे जोड द्यावा लागेल, आणि तो दिसेल." काम करताना हात चुकला, तर मालकाला बोलावून चूक दाखवायचा. तेव्हा त्याचा चेहरा लाल व्हायचा, शब्द अडखळायचे. पण तो सांगायचा.

खडकावर म्हातारी दिसली, की त्याची मान अजूनही खाली जायची. ती लाज पुरती कधीच गेली नाही. फक्त आता ती त्याची त्याच्याजवळ होती, दुसऱ्या कुणाला ती त्याच्यासाठी वाहावी लागत नव्हती.

बोध: आपण झाकलेल्या चुकीचा दोष कुणा निरपराध माणसाच्या माथी बसतो, म्हणून चूक झाली की ती आपणच आपल्या तोंडाने सांगावी.